ब्रेकची बाजू

गाडी वेगात न्यायची तर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, हे मत मी साठ वर्षे इमानाने बाळगले. ‘ग्रॅन टुरिस्मो’ या व्हिडिओ गेमने ते तीन संध्याकाळींत मोडून काढले. आमच्या घरात मात्र ते अजून ठणठणीत आहे. भाचा म्हणतो, “मामा, गाडी बदला. पाचशे अश्वशक्तीची घ्या!” शेजारी म्हणतात, “खरं स्टिअरिंग आणा हो, बटणांवर काय होणार?” नाचता येईना, अंगण वाकडे! मला या मंडळींशी भांडायचे आहे.

जर्मनीतल्या आयफेल डोंगरात १९२७ साली सुरू झालेला न्यूरबुर्गरिंगचा ‘नॉर्डश्लाइफे’ हा रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा. १९८३ साली श्टेफान बेलोफने पोर्शे ९५६ मध्ये बसून तो ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत संपवला. गेममधल्या त्याच रस्त्यावर साध्या गाडीने मला ९ मिनिटे १२ सेकंद लागले. भाच्याच्या सल्ल्याने पाचशे घोडे जुंपले, तर ९ मिनिटे ४० सेकंद! कारण घोडे प्रत्येक वळणावर गवतात शिरत. घोड्यांचा तो स्वभावच.

अहो, टायरची पकड म्हणजे पगार. तो ब्रेकवर खर्च करा किंवा वळण्यावर; दोन्हीकडे एकदम उधळलात की दिवाळे. म्हणून गाडी सरळ असतानाच मुख्य ब्रेक मारावा, वळताना तो हळूहळू सोडावा. बाहेरच्या कडेने शिरून आतली कड गाठावी आणि पुन्हा बाहेर यावे, म्हणजे वळण ऐसपैस होते. शिरताना थोडे थांबलात तर लवकर अ‍ॅक्सिलरेटर देता येतो आणि तो वेग पुढचा सरळ रस्ताभर पुरतो. गमावलेला अर्धा सेकंद व्याजासकट परत!

स्टिअरिंगने हात सफाईदार होत असेल, नाही कोण म्हणतो? पण उशिरा ब्रेक मारण्याची खोड दुकानात बदलून मिळत नाही. ती दाखवायला गेममध्ये भुताची गाडी असते. हे भूत म्हणजे आपलीच सर्वांत चांगली फेरी. तीच गाडी, तोच रस्ता, तेच हात. हरलो तर बोट दाखवायला दुसरे कोणी उरत नाही. लोकांना नवी गाडी हवी असते ती याच भीतीने.

परवा त्याच साध्या गाडीने ८ मिनिटे ५८ सेकंद केले. भाच्याने विचारले, “कुठली गाडी घेतलीत?”

“तीच.”

त्याचा विश्वास बसलेला नाही. सकाळपासून तो माझ्या गाडीचे इंजिन तपासतो आहे.