जुन्या बुलेटला गॅसचे शॉकअप बसवताना

कोलकात्यात जुन्या गाडीचा सुटा भाग हवा असला की पावले मल्लिक बाजाराकडे वळतात. वडिलांच्या वेळची बुलेट पुन्हा रस्त्यावर आणणारे हौशी लोक इंजिनावर आणि रंगावर भरपूर खर्च करतात; मागचे शॉकअप मात्र मिळतील ते घाईने बसवतात. मग ओल्या ट्रामरुळावरून जाताना चाक उडाले की मागे बसलेल्याच्या जिवावर बेतते.

खरे तर बुलेटचे नाव झाले ते याच भागामुळे. १९४८ साली इंग्लंडमधील ट्रायल्स स्पर्धांत ती हलत्या चिमट्यासह, म्हणजे स्विंग आर्मसह उतरली, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली होती. चिखलदगडांतून जायला मागची बाजू ताठच हवी, असा त्या काळचा समज होता. पण त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटच्या दोन्ही स्वारांनी सुवर्णपदके मिळवली. चाक खाचखळग्यांत उतरून जमीन धरून ठेवते, हे सिद्ध झाले.

साध्या शॉकअपमध्ये सतत धक्के बसल्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि गाडी उसळू लागते. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन हा फेस होऊ देत नाही. मात्र वजन पेलते ती मुख्यतः स्प्रिंगच. म्हणून जुळवणी महत्त्वाची.

गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवावे. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत सरळ उभे अंतर मोजावे. मग गाडी खाली घेऊन चालवणाऱ्याने नेहमीप्रमाणे बसावे, दुसऱ्याने हँडल धरावे आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. हालचाल ७५ मिलीमीटर असेल तर फरक सुमारे २५ मिलीमीटर. जास्त दबत असेल तर सी-पान्याने कॉलर वर चढवावी, कमी दबत असेल तर उतरवावी. दोन्ही बाजूंचे खाचे सारखेच हवेत. कॉलर शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी बसत असेल, तर स्प्रिंग त्या वजनाला अपुरी आहे असे समजावे.

शॉकअपची लांबी मूळच्याइतकीच घ्यावी. लांब शॉकअपने मागची बाजू उंचावते, हँडल चंचल होते आणि चेनचा ताणही बदलतो. आस, चिमट्याची खीळ आणि पुढचे चेनचक्र एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते; तेव्हाही तिला थोडा ढिलेपणा हवा. पूर्ण दाबल्यावर टायर मडगार्डला लागत नाही ना, हेही पाहावे.

गॅसचा शॉकअप घरी कधीही उघडू नये, तापवू नये की त्याला भोक पाडू नये. आतला दाब जीवघेणा ठरू शकतो. तेल गळू लागले तर जोडीच बदलावी. आणि पत्नीला किंवा मुलाला मागे बसवून निघायचे असेल, तर त्यांच्यासह एकदा माप घेऊन मगच गाडी रस्त्यावर काढावी.