विश्लेषण : पेडल स्टील गिटारची सहावी तार प्लेन हवी की वाउंड? उत्तर कानात नाही, पेडलमध्ये

पेडल स्टील गिटारच्या सर्वात रूढ असलेल्या ई-नाइन्थ जुळणीत दहा तारा असतात. पहिल्या पाच प्लेन, म्हणजे साध्या पोलादी तारा. सातव्यापासून दहाव्यापर्यंत वाउंड, म्हणजे आतल्या पोलादी तारेवर बारीक तारेचे वेढे घातलेल्या. या नऊ तारांबद्दल वादकांमध्ये फारसं दुमत नाही. वाद आहे तो मधल्या सहाव्या तारेचा. तिथे २० किंवा २२ थाऊची प्लेन तार लावावी, की २२ थाऊची वाउंड? (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) तारांचे संचही दोन प्रकारचे मिळतात आणि दोघांत फरक असतो तो बहुधा याच एका तारेचा.

यावरची चर्चा बहुतेक वेळा ‘कोणती तार गोड वाजते’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पण हा प्रश्न आधी यंत्राचा आहे, नादाचा नंतर.

हे वाद्य वेगळं कसं?

हवाईयन गिटार मराठी श्रोत्यांना नवी नाही. व्हॅन शिपले यांच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड अनेक घरांत होत्या. ब्रिजभूषण काबरा यांनी हेच वाद्य रागसंगीतात आणलं. तारांवर पोलादी बार फिरवायचा आणि सूर सरकवायचा, ही त्याची पद्धत. मात्र बार सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा एकत्रच वर किंवा खाली जातात.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात याच वाद्याला पेडल जोडले गेले. वेब पिअर्स यांच्या १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबला. एक सूर जागेवर थांबलेला आणि दुसरा त्याच्याजवळ सरकत आलेला, असा तो परिणाम होता. त्यानंतर अनेक स्टील गिटारवादकांनी आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेतले. सितारवादक बोटाने तार ओढून मींड काढतो. इथे ते काम पाय आणि गुडघे करतात, तेही निवडक तारांवर.

पेडल दाबल्यावर आत काय होतं?

पेडलला जोडलेली सळई वाद्याच्या टोकाला असलेल्या चेंजरची पट्टी फिरवते आणि तार किंचित ताणली जाते. किती ताणावी लागेल, याचं गणित मजेशीर आहे. तार प्लेन पोलादी असेल तर तिच्या जाडीने फरक पडत नाही. जाड तारेला त्याच सुरासाठी मुळात जास्त ताण लागतो, पण ती त्याच प्रमाणात ताठही असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना काटतात. फरक पडतो तो सुराच्या उंचीने. एक सप्तक वरच्या सुराला तेवढ्याच चढासाठी चौपट ओढ लागते.

आता ‘बी’ पेडलकडे पाहा. तो तिसरी आणि सहावी, अशा दोन्ही जी-शार्प तारा अर्ध्या स्वराने चढवून ‘ए’वर नेतो. या दोन तारांत बरोबर एका सप्तकाचं अंतर आहे. २४ इंच लांबीच्या वाद्यावर तिसऱ्या तारेला सुमारे पाऊण मिलिमीटर ओढ लागते, तर प्लेन सहाव्या तारेला जेमतेम ०.२ मिलिमीटर. एकाच पायाखाली एवढी तफावत सांभाळायची, तर सळया वेगवेगळ्या भोकांत अडकवून तरफेचं प्रमाण बदलावं लागतं.

वाउंड तारेत ताण पेलते ती आतली बारीक तार. वेढे फक्त वजन वाढवतात. त्यामुळे तेवढ्याच चढासाठी तिला प्लेन तारेच्या दुपटीच्या आसपास किंवा थोडी जास्तच ओढ लागते, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. तिसऱ्या तारेशी तिची जोडी अधिक जमते आणि दोन्ही सूर बरोबरीने सरकतात. वाउंडच्या बाजूचा हा सर्वात भक्कम मुद्दा आहे, आणि तो फारच कमी वेळा मांडला जातो.

दुसरा मुद्दा वाद्याच्या चौकटीचा. ‘ए’ पेडल पाचवी आणि दहावी तार पूर्ण स्वराने चढवतो. त्या वाढलेल्या ताणाने वाद्याचं अंग केसभर वाकतं आणि बाकीच्या तारा तेवढ्याच सैल होतात. जी तार थोड्याशा ओढीने जास्त चढते, ती थोड्याशा सैलपणाने जास्त उतरतेही. प्लेन तारांमध्ये सगळ्यात खालचा सूर सहावीचा, म्हणून तीच जास्त हलते. वाउंड तार इथे शांत राहते.

हा केसभर फरक कानाला का खुपतो? ‘ई’ हा षड्ज धरला तर जी-शार्प हा शुद्ध गंधार. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, हे गाणाऱ्यांना ठाऊक आहे. अनेक पेडल स्टील वादकही तो थोडा उतरवूनच लावतात. आधीच उतरवलेला सूर आणखी घसरला, की तो गोड न लागता बेसूर लागतो.

मग सगळ्यांनी वाउंडच का लावू नये?

कारण नी-लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायची तरफ. अनेक वाद्यांत एक तरफ सहावी तार पूर्ण स्वराने उतरवून एफ-शार्पवर नेते. वाउंड तार असेल तर इथेही दुप्पट हालचाल लागते. काही जुन्या वाद्यांच्या चेंजरमध्ये तेवढी जागाच नसते. सूर मध्येच अडकतो. जागा असली तरी गुडघा लांबवर न्यावा लागतो आणि जलद जागा निसटतात. शिवाय वेढ्यांवरून बार सरकताना होणारी खरखर आहेच.

नादाचा फरक खोटा नाही. जाड प्लेन तार ताठ असल्याने तिचे वरचे उपस्वर किंचित चढे निघतात, तर वाउंडचा आवाज खालच्या तारांशी मिळताजुळता असतो. पण पिकअप, व्हॉल्यूम पेडल आणि अॅम्प्लिफायरमधून गेल्यावर तो बराच बुजतो. त्या फरकासाठी चालू यंत्रणा मोडणं परवडणारं नाही.

म्हणून सहावी पूर्ण स्वराने उतरवणारी तरफ असेल आणि ती खरोखर वापरात असेल, तर प्लेनच. ती नसेल, किंवा ‘ए’ पेडल दाबताच गंधार घसरत असेल, तर वाउंड लावून पाहायला हवी. एखादा नामवंत वादक कोणती तार लावतो हा निकष कामाचा नाही. त्याच्या वाद्याच्या सळया त्याच तारेसाठी बसवलेल्या असतात.

भारतात हा प्रश्न जास्त खर्चिक ठरतो. हे वाद्य इथल्या नेहमीच्या दुकानात मिळत नाही आणि खालची यंत्रणा जाणणारा कारागीरही सहजी सापडत नाही. चुकीचा संच मागवून चढवला की पेडल बेसूर होतात आणि वाद्यच बिघडलंय असं वाटू लागतं. बिघडलेलं काहीच नसतं.

प्रकार बदलल्यावर आधी मोकळी तार सुरात लावायची. मग ‘बी’ पेडल पूर्ण दाबून ‘ए’ मिळवायचा. बहुतेक आधुनिक वाद्यांत त्यासाठी उजव्या टोकाला नायलॉनचे छोटे नट असतात. शेवटी तरफेचा एफ-शार्प तपासायचा. नट फिरवूनही सूर पोहोचत नसेल, तर सळई दुसऱ्या भोकात घ्यावी लागते. आणि फक्त २० ची २२ प्लेन केली असेल, तर पाय थोडा जड लागेल, नट मात्र जवळपास होते तिथेच राहतील.