रांग कोणाच्या अंगणात?

गाडीतून खाली न उतरता खिडकीतून हात पुढे करावा, कॉफीचा पेला घ्यावा आणि तसेच मार्गस्थ व्हावे, अशी सोय करणारी दुकाने आपल्या देशात आता नवलाईची राहिलेली नाहीत. टाटा-स्टारबक्स या कंपनीने मुंबईत आपले पहिले दुकान २०१२ साली उघडले आणि आठच वर्षांनी, २०२० साली, चंडीगडजवळ झिरकपूर येथे ‘ड्राइव्ह-थ्रू’ पद्धतीचे दुकान सुरू केले. जेथे मोटारगाडी, रुंद रस्ता आणि घाईत असलेला प्रवासी ही तिन्ही एकत्र येतात, तेथे हा व्यवसाय आज ना उद्या येतोच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ही तिन्ही एकत्र आलेली आहेत. तेव्हा असा प्रस्ताव मालवणच्या किंवा कुडाळच्या कचेरीत दाखल झाला तर तो कोणत्या कसोटीवर पारखावा, याचा विचार अर्ज टेबलावर येण्यापूर्वीच झालेला बरा.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. आणि खारेपाटणपासून पत्रादेवीपर्यंत जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ चौपदरी झाला. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाचा सोहळा मालवणच्या किनाऱ्यावर झाला. त्या वेळी राजकोट येथे उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा पुढील ऑगस्टमध्ये कोसळला आणि २०२५ साली तेथे नवा पुतळा उभा राहिला. या सर्व घटनांनी मालवणकडे येणाऱ्यांचा ओघ वाढविला. परंतु पाहुणे वाढले म्हणून गल्ल्या रुंद होत नाहीत. २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्या आत वस्ती असलेले हे शहर बैलगाडीच्या काळातील बाजारपेठ आजही तशीच अंगावर वागवीत आहे.

आम्ही नव्या व्यवसायाचे विरोधक नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. ज्या जिल्ह्यातील तरुणांच्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत उमेदवारी करण्यासाठी घर सोडून गेल्या, त्या जिल्ह्यात चार जणांना गावातच काम देणाऱ्या दुकानाकडे नाक मुरडून पाहणे कृतघ्नपणाचे ठरेल. कॉफी परकी आणि सोलकढी आपली, असल्या भाबड्या अभिमानाचाही येथे संबंध नाही. प्रश्न पेयाचा नाही, रांगेचा आहे. गिऱ्हाईक गाडीत बसून थांबणार असेल, तर ती गाडी कोणाच्या जमिनीवर उभी राहणार, एवढाच आमचा सवाल आहे.

शाळेत हौदाचे गणित आपण सर्वांनी सोडविले आहे. एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. येणारे जाणाऱ्यापेक्षा अधिक असेल तर हौद किती वेळात भरून वाहू लागेल? कॉफीच्या खिडकीचे गणित याहून निराळे नाही. एका गाडीचा व्यवहार उरकण्यास दोन मिनिटे लागतात असे धरले, तर खिडकीतून तासाला ३० गाड्या सुटतील. सुट्टीच्या दिवशी तासाला ३६ गाड्या आल्या, तर पहिल्या तासाच्या अखेरीस ६, दुसऱ्याच्या अखेरीस १२ आणि तिसऱ्याच्या अखेरीस १८ गाड्या तिष्ठत राहतील. एका गाडीस मागील-पुढील अंतर धरून सहा मीटर जागा लागते. म्हणजे १८ गाड्यांची रांग १०८ मीटरांची झाली. दुकानाच्या आवारात ४० मीटरांचीच मार्गिका असेल, तर उरलेले ६८ मीटर सार्वजनिक रस्त्यावर आले. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात ते कमी-अधिक असतील. परंतु तासाला अवघ्या सहा गाड्या जास्त आल्या तरी सरकारी रस्ता खासगी दुकानाचे प्रतीक्षागृह होतो, हे त्यांवरून ध्यानात यावे.

यावर प्रवर्तकांचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, ‘आम्ही नव्या गाड्या आणीत नाही, ज्या रस्त्याने जातच होत्या त्याच आमच्याकडे वळतात.’ या म्हणण्यात तथ्य आहे. महामार्गावरून गोव्याकडे निघालेला प्रवासी केवळ कॉफीसाठी घराबाहेर पडलेला नसतो. पण रस्त्यावरचा भार केवळ गाड्यांच्या संख्येने ठरत नाही. गाडी काय करते यावरही तो ठरतो. सरळ जाणारी गाडी क्षणात दृष्टीआड होते. तीच गाडी वेग कमी करते, उजवीकडे वळण्यासाठी समोरून येणाऱ्यांची वाट पाहत रस्त्याच्या मध्यावर थांबते आणि बाहेर पडताना पुन्हा प्रवाहात घुसते, तेव्हा ती आपल्यामागच्या दहांना थांबविते. चौपदरी महामार्गावर मधला दुभाजक हे उजवे वळण रोखतो खरा. परंतु पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळून येण्याचा कंटाळा केलेला वाहनचालक उलट्या दिशेने गाडी हाकतो, आणि अशा अपघातांची किंमत बहुधा दुचाकीस्वारच मोजतो.

स्थळागणिक या प्रश्नाचे गांभीर्य बदलते. महामार्गालगत, कसाल किंवा ओरोसच्या बाजूस, ऐसपैस भूखंडावर असे दुकान झाले, तर योग्य अटींवर ते सुखाने चालू शकेल. मालवणच्या भरडावर किंवा बसस्थानकाच्या आसपास एखाद्या जुन्या वाड्याच्या अथवा खानावळीच्या जागी ते उभे राहिले, तर शहराची नाडीच दाबली जाईल. आणि तारकर्ली-देवबागच्या वाटेवर ते उभे राहिले तर? देवबाग ही एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. गावात जाणारा रस्ता एकच, आणि तो संगमाशी जाऊन संपतो. तेथे वाट अडली तर दुसरी वाट नाही. त्याच रस्त्याने मासळीचा टेम्पो बर्फ वितळण्यापूर्वी निघतो, एसटीने मुले शाळेत जातात, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रुग्णवाहिका निघते. पर्यटकाचा अर्धा तास गेला तर त्याची सहल किंचित बिघडते. गावकऱ्याचा अर्धा तास कधी कधी परत मिळत नाही.

मग यावर कायदा नाही काय? कायदे आहेत, पण त्यांच्या मधून वाट सुटलेली आहे. राष्ट्रीय महामार्गावर प्रवेशमार्ग काढण्यास २००२ च्या कायद्यान्वये परवानगी लागते. राज्याच्या रस्त्यांसाठी १९५५ चा महामार्ग अधिनियम आहे. मोठ्या बांधकामाला, म्हणजे २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढे, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि तेथे वाहतुकीचाही विचार होतो. कॉफीचे दुकान या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. उरला तो वाहनतळाचा नियम. पण तो बांधकामाच्या क्षेत्रफळाशी निगडित असतो, आणि खरी मेख येथेच आहे. ज्या उपाहारगृहात माणसे तासभर बसतात, त्याची इमारत मोठी, म्हणून त्याला वाहनतळही मोठा लागतो. गाडीतच कॉफी देणाऱ्या दुकानाची इमारत चिमुकली. म्हणून कागदोपत्री त्याची गरजही चिमुकली. गाड्या मात्र त्याच्याकडेच अधिक येणार! नियम उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजतो, सरकणाऱ्या गाड्या मोजत नाही.

यात न्यायाचाही एक प्रश्न गुंतलेला आहे. रस्त्याच्या कडेला शहाळी विकणाऱ्याची हातगाडी वाहतुकीस अडथळा म्हणून उचलली जाते. पथविक्रेत्यांच्या हिताचा २०१४ चा कायदा त्याच्या मदतीला वेळेवर येतोच असे नाही. तोच रस्ता एखाद्या भव्य दुकानापुढच्या मोटारींनी अडला, तर त्याला अतिक्रमण न म्हणता व्यवसायाची भरभराट म्हणण्याची आपली रीत आहे. मोटारवाहन कायद्याचे १२२ वे कलम वाहन धोकादायक रीतीने उभे करण्यास मनाई करते. परंतु त्याची झळ पोहोचली तरी ती गाडीवाल्याला, रांग निर्माण करणाऱ्या दुकानाला नव्हे. हातगाडीला एक माप आणि काचेच्या दुकानाला दुसरे, हे आम्हांस मान्य नाही.

परदेशांचे दाखले देण्याची आम्हांस हौस नाही. तथापि एक दाखला बोलका आहे. ज्या अमेरिकेने ही पद्धत जगाला दिली, त्याच देशातील मिनियापोलिस शहराने २०१९ साली नवी ‘ड्राइव्ह-थ्रू’ दुकाने काढण्यास बंदी केली. पादचाऱ्यांची सुरक्षितता आणि उभ्या गाड्यांचा धूर ही त्यामागील कारणे होती. आम्ही तितके टोक गाठावे असे म्हणत नाही. आमच्यापुढे घरचाच धडा आहे. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला दर वर्षी लाखो भाविक येतात. त्या दिवशी प्रशासन गाड्या गर्दीपासून दूर थांबविते, जादा एसटी सोडते, येण्या-जाण्याचे मार्ग आधी आखते. गर्दीचा हिशेब गर्दीपूर्वी मांडण्याची विद्या आपल्याला अवगत आहे. ती वर्षातून एकदा वापरायची आणि बाकीचे दिवस देवीवर हवाला ठेवायचा, हे काही शहाणपणाचे नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे ४५ वे कलम नियोजन प्राधिकरणाला अटींसह परवानगी देण्याचा अधिकार देते, तो वापरावा. वाहनांची मोजणी पावसाळ्यातील एखाद्या सुस्त मंगळवारी न करता मे महिन्यातील रविवारी किंवा डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात करावी. कारण वर्षाची सरासरी रस्त्यावर उभी राहत नाही, गर्दीचा तास राहतो. त्या तासाची संपूर्ण रांग दुकानाच्या आवारात मावली पाहिजे. मावत नसेल तर दुसरी खिडकी काढावी किंवा जागा बदलावी. आत जाण्याची व बाहेर पडण्याची वाट निराळी, आणि चौक, शाळा व एसटीचा थांबा यांपासून दूर असावी. रांग रस्त्याला लागली की खिडकी तात्पुरती बंद करण्याची अट परवान्यातच लिहावी. सहा महिन्यांनी मालकाच्या खर्चाने, पण तटस्थ यंत्रणेकडून, फेरमोजणी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. या अटी कॉफीपुरत्याच नव्हेत. मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, मोठे हॉटेल, गाडीने गिऱ्हाईक आणणाऱ्या प्रत्येक धंद्याला त्या लागू व्हाव्यात.

अशा अटींमुळे गुंतवणूक पळून जाईल, अशी भीती घालणारे निघतील. ज्या व्यवसायाचा नफा दुसऱ्याच्या वाटेवर गाड्या उभ्या करूनच निघतो, तो आपल्या खर्चाचा एक भाग गावाच्या माथी मारीत असतो, आणि अशी गुंतवणूक गेल्याने गावाचे नुकसान होत नाही. जो मालक पाहुण्याला आपल्या अंगणात जागा देऊन मग कॉफी पाजील, त्याचे स्वागत मालवणकर करतीलच. पाहुणचारात हा जिल्हा कधी मागे राहिलेला नाही. परंतु पाहुणा आपला आणि अंगण शेजाऱ्याचे, हा व्यवहार कोकणात कोणी खपवून घेत नाही. सार्वजनिक रस्त्याच्या बाबतीतही तो खपवून घेऊ नये, आणि त्याची पहिली जबाबदारी परवान्यावर सही करणाऱ्या हाताची आहे.