तुमच्याकडे कुठे नेतात?

स्ट्रॉबेरीवर स्टोरी करायची म्हणून सुरगाण्याला गेले होते. नाशिकहून एसटीने दिंडोरी, वणी मागे टाकत थेट गुजरातच्या हद्दीजवळ. ज्या मावशींकडे उतरले, त्यांची मुलगी नाशिकला नर्सिंग शिकते. माझ्या मोबाइलवर ‘डेली डोस ऑफ सनशाइन’चे एपिसोड डाउनलोड केलेले दिसले आणि स्वारी एकदम खूश! ‘ताई, ही नर्सची सिरियल ना? लावा की!’

झालं! जेवणं आटोपल्यावर इवल्याशा स्क्रीनसमोर आम्ही तिघी. मुलगी सबटायटल्स वाचून आईला मराठीत सांगतेय.

ही नेटफ्लिक्सवरची २०२३ची कोरियन सिरीज, १२ भागांची. दा-उन ही नर्स मेडिसिनमधून मानसोपचार वॉर्डात बदली होऊन येते. तिचा मित्र यू-चान मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरच्या दुकानातलं चिकन पोचवतो. कारण? पॅनिक अटॅक. तो अटॅक कसा दाखवलाय माहितीये? त्याच्याभोवती पाणी चढत जातं आणि तो बुडायला लागतो. आजूबाजूच्यांना पत्ताच नाही!

मी पटकन पॉज केलं.

‘ताई, तुम्हाला झालंय का असं?’

झालं होतं. नोकरीत असताना, चांगले तीन महिने. रात्री झोप नाही, मीटिंगआधी छातीत धडधड. ऑफिसला मेल काय टाकला? ‘व्हायरल फीव्हर.’ तोही तीनदा!

मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्याकडं असं झालं की भगताकडं नेत्यात. आता ही म्हणती, दवाखान्यात न्या. तुमच्याकडं कुठं नेत्यात?’

मी गप्प. भगत म्हटलं की आपण नाकं मुरडतो. पण निदान घरच्यांना कळलेलं तरी असतं, कुणीतरी हाताला धरून नेतं तरी. आपल्याकडे? कुणीच कुठेच नेत नाही. आपण कळूच देत नाही ना!

पुढे एका पेशंटच्या मृत्यूनंतर दा-उनच डिप्रेशनमध्ये जाते. इतरांना धीर देणारी ही बाई स्वतःचा आजार मात्र मान्य करत नाही. शेवटी अ‍ॅडमिट होते, बरी होते, कामावर परतते, तर पेशंटचे नातेवाईकच म्हणतात, ही नर्स नको. आपल्या ‘व्हायरल’मागे हीच तर भीती असते, नाही का? बॉसला कळलं तर प्रमोशन गेलं!

निघताना मुलीने माझ्याच मोबाइलमध्ये एक नंबर सेव्ह केला : १४४१६. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली. फुकट, चोवीस तास आणि चक्क मराठीतही. मी स्वतःला पत्रकार म्हणवते, आणि नंबर मला सुरगाण्यात मिळाला!

बॉसला सगळं सांगा, असं मी म्हणणार नाही. मेलमध्ये हवं तर ‘व्हायरल’च लिहा. पण त्या दिवशी एका तरी माणसाला खरं कारण सांगा. मी परतीच्या एसटीतूनच आईला फोन लावला.