चढणाऱ्याला आधी वाट

मी गाडी शिकतोय. वय ३६. वस्तीतली पोरं हसतात. म्हणतात, आता कुठं जायचंय, दिल्लीला? हसा लेकांनो. आमच्या घराण्यात स्टेअरिंगला हात लावणारा मी पहिला. आजीनं ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन रस्त्याची खडी फोडली. बापानं पायाला गोणपाट गुंडाळून डांबराच्या पिंपाखाली जाळ घातला. माय सडक झाडायची. दगड आमच्या हातचा, डांबर आमच्या हातचं, झाडूही आमच्याच हातात. त्यावरून चाक फिरवायचं तेवढं राहिलं होतं.

पहिल्याच दिवशी एजंट भेटला. "पुस्तक कशाला वाचता साहेब? एवढे टाका, लायसन घरपोच." वर आवाज उतरवून म्हणतो, "मी आपलाच माणूस आहे. जय भीम." आपलाच माणूस! आपल्याच माणसाला न शिकवता रस्त्यावर सोडणारा. मी पैसे खिशात ठेवले आणि नियमांचं पुस्तक घेतलं.

दोस्तांनो, ते पुस्तक वाचा. गंमत करत नाही. रस्त्याचे नियम या देशाला नवे नाहीत. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, गळ्यात मडकं अडकवायचं, म्हणजे त्याचं पाऊल पुसलं जाईल आणि थुंकी रस्त्यावर पडणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये हे लिहून ठेवलंय. केरळात वैकमला १९२४ साली सत्याग्रह झाला, तो देवळात शिरायला नव्हता. देवळाभोवतीच्या सडकेवरून नुसतं चालू द्या, एवढंच मागणं होतं. हेही ट्रॅफिकचेच नियम की. साइड कुणी कुणाला द्यायची ते आईच्या पोटात असतानाच ठरलेलं.

आता हे नवं पुस्तक बघा. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. कोण येतोय ते विचारायचं नाही, कुठून येतोय तेवढं बघायचं. झेब्रा पट्ट्यावर पायी चालणाऱ्याला आधी हक्क. मग तो अनवाणी का असेना आणि तुम्ही तीस लाखांच्या गाडीत का बसलेले असेनात. आणि घाटात, अरुंद रस्त्यावर, उतरणाऱ्यानं बाजूला थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. १९८९ च्या रस्ता-नियमांत हे सरळ लिहिलेलं होतं. कारण काय? चढावर थांबलेली गाडी परत उचलणं मुश्कील. क्लच जळतो, गाडी मागं घसरते. उतरणाऱ्याला उतार आयता मिळालेला असतो. त्यानं जरा थांबलं तर त्याचं काही जात नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खाली जाऊन चहा प्यालो. माझ्या हपिसात दोन साहेब आहेत. राखीव जागा म्हणलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "सगळ्यांना सारखाच नियम पाहिजे." दोघंही दर शनिवारी गाडी काढून घाट चढतात, रविवारी उतरतात. चढताना समोरचा थांबला नाही तर शिव्या घालतात. म्हणजे नियम तोंडपाठ आहे. गाडीपुरता.

पुस्तक चांगलं आहे म्हणून रस्ता चांगला झाला असं मी म्हणत नाही. मागच्या काचेवर जातीचं नाव ढाल-तलवारीसकट. नंबरप्लेटवर ४१४१ चा 'दादा', २१४ चा 'राम'. प्लेटवर असली कलाकुसर करायला कायद्यानं बंदी आहे, पण धरतंय कोण? आणि अॅट्रॉसिटी कायद्याची २०१५ सालची दुरुस्ती वाचा. दलितानं सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटरसायकल चालवली, पायात चप्पल घातली, वरात काढली, घोड्यावर बसला म्हणून त्याला अडवणं हा गुन्हा, असं त्यात लिहावं लागलं. साली २०१५! सायकल चालवू द्या म्हणून पार्लमेंटाला कलम घालावं लागतं. तरी २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूरला एका दलित नवरदेवाची वरात गेली ती पोलिसांच्या बंदोबस्तात. लग्न होतं का कर्फ्यू?

सरकारी आकडा सांगतो, २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. जवळपास पाचातला एक पायी चालणारा. अहवालात मेलेल्याच्या जातीचा रकाना नाही. नसू दे. पायी कोण चालतं, फुटपाथवर कोण झोपतं, रात्री रस्ता कोण झाडतं, हे आम्हाला अहवालातून कळायला नको.

पण आपल्यालाही दोन शब्द ऐकावे लागतील. १४ एप्रिलला एका बाइकवर तिघं, डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला. निळा झेंडा लावला म्हणून सिग्नल हिरवा होत नाही भाऊ. पलीकडच्यानं भगवा लावून नियम तोडला की आपण त्याला गुंडगिरी म्हणतो. मग आपलं काय? वस्तीतली किती पोरं टेम्पोवर क्लीनर म्हणून चढली आणि मालकाच्या मर्जीनं एका रात्रीत ड्रायव्हर झाली? ट्रक-टेम्पोच्या लायसनला आठवी पासची अट होती, पाचवीत शाळा सुटलेल्यानं करायचं काय, असं आपण म्हणायचो. बरोबर म्हणायचो. ती अट २०१९ साली निघाली. आता कारण सांगू नका. अपघात झाला की मालक हात वर करतो, विम्याची कंपनी आधी लायसन बघते, आणि जेलात जातो आपला पोरगा.

चाळीसगाव आठवा. १९२९ साल. बाबासाहेब सरकारी कमिटीवर, बॅरिस्टर माणूस. स्टेशनवरचे टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाहीत. टांगा भाड्यानं देतो, हाकायचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. महारवाड्यातल्या लोकांनी आपल्यातला एक बसवला. त्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे स्वतः लिहिलंय. लोकांना मान ठेवायचा होता, पण मानापेक्षा बसणाऱ्याचा जीव मोठा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, असंही लिहिलंय. रागावून नाही, पण लिहिलंय. त्याच पुस्तकात १९०१ ची गोष्ट आहे. मसूर स्टेशनावर पोरं उतरली, गाडीवाला विटाळ मानतो. शेवटी भाडं दुप्पट, गाडीवाला बाजूनं पायी चालणार, आणि बैल हाकणार ही पोरं. म्हणजे आम्हाला हाकायला कुणी शिकवलं नाही, पण वेळ आली तेव्हा कासरा आमच्याच हातात दिला. वर पैसे दुप्पट घेतले.

आज पैसे घेऊन न शिकवणारा एजंट 'जय भीम' म्हणतो, एवढाच फरक.

परवा चढावर गाडी उचलायला शिकलो. हँडब्रेक ओढायचा, क्लच अर्धा सोडायचा, इंजिनाचा आवाज बसला की मग हँडब्रेक सोडायचा. चार वेळा बंद पडली. समोरून एक मोठी गाडी हॉर्न मारत उतरत आली, थांबायचं नाव नाही. आमचे मास्तर घाबरून म्हणाले, "घ्या मागं, कशाला नादी लागता." मी म्हणलं, मास्तर, पुस्तकात काय लिहिलंय? मास्तर म्हणाले, "पुस्तक त्यानं वाचलंय का?" खरं होतं. जीव मोठा. मी मागं घेतली. मग खिडकीतून मान काढून त्याला नियम सांगितला, कलमासकट नाही आला, पण सांगितला. तो थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात पक्क्या लायसनची परीक्षा आहे. नापास झालो तर सात दिवसांनी परत देता येते. देईन. एजंटाचा नंबर फाडून टाकलाय.