दोन रात्रींची रजा

झोप लागत नाही, अंग मोडून येते, जेवण जात नाही, अशी तक्रार घेऊन एक तरुण सायवनला माझ्या दवाखान्यात तिसऱ्यांदा आला, त्याला आता दोन वर्षे होतील. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तो मोखाड्याकडचा, इकडे वीटभट्टीवर कामाला. रक्त तपासले, छाती तपासली. काही निघाले नाही. आधी दोनदा मी शक्तीच्या गोळ्या देऊन मोकळा झालो होतो. त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हणून घरची चौकशी केली.

बोलता बोलता तो म्हणाला, "दोन वर्षं झाली, बोहाड्याला जाता आलं नाही. मारुतीचं सोंग आमच्या घरचं. चुलतभाऊ नाचला." दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली, काम सोडून जाणार कसा? मी विचारले, "गावात कुणी तुझी आठवण काढली का रे?" तो म्हणाला, "गावात सगळ्यांनी विचारलं. इथं कोण विचारतो?"

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. होळीनंतर उन्हाळ्यात, रात्री, मशालींच्या उजेडात आणि संबळाच्या तालावर देव-दैत्यांची सोंगे निघतात. गणपती येतो, रावण येतो, शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध होते. पुष्कळ सोंगांचा मान ठरावीक घराण्यांकडे चालत आलेला असतो. मुखवट्याआड माणसाचा चेहरा दिसत नाही, पण आत कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तो आला नाही, तर विचारणा होते.

आरोग्याच्या दृष्टीने मला हीच गोष्ट मोलाची वाटते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव माणसाला उभे ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. नाट्य, नृत्य, गायन यांचा मनःस्वास्थ्याला उपयोग होतो, असे त्यात दिसते. याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. तो केवळ शहरांतच असतो, हा आपला गैरसमज आहे. भट्टीवरच्या झोपडीतही तो असतो.

बोहाडा चुकला म्हणून तो आजारी पडला, असे मी म्हणत नाही. नाटक हे औषधाला पर्यायही नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

त्याला मी औषध दिलेच, शिवाय मुकादमाला भेटून दोन रात्रींची रजा मागितली. तो कुरकुरला, पण कबूल झाला. बोहाड्याहून परतल्यावर तरुण पुन्हा आला. नाचून तळपायांना फोड आले होते. झोप अजून पुरती लागत नव्हती. मात्र फोडांचे दुखणे तो हसत हसत सांगत होता. एवढ्या महिन्यांत मी त्याला प्रथमच हसताना पाहिले.

म्हणून सांगणे एवढेच. मजूर ठेवणाऱ्यांनी अशा दिवसांत दोन रात्रींची रजा द्यावी. गावकऱ्यांनीही एक पाहावे. मानाची सोंगे ज्यांच्या घरी नाहीत, जे बाहेरून येऊन राहिले आहेत, त्यांना आणि बायाबापड्यांनाही काहीतरी काम द्यावे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या बाकावरच्या मुलाला निदान पडदा ओढायला तरी बोलवावे. पडदा ओढणारा आला नाही, तरी नाटक अडतेच.

आणि आम्हा डॉक्टरांनी नाडी पाहताना आणखी एक प्रश्न विचारावा: "तुझ्या घरचं सोंग कोणतं?"