निदानाचा रकाना भरा

मिरा-भाईंदरमधल्या काशीगावच्या एका वाचक-डॉक्टरांचं संतापलेलं पत्र आलं आहे. संध्याकाळच्या ओपीडीत बसायला बाक पुरत नाही, त्यातले निम्मे पेशंट सर्दी-ताप-खोकल्याचे. मग अँटिबायोटिक दिल्याचं कारण प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचं, तर ते वाचणार कोण? केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये पत्र पाठवून कारण लिहायला सांगितलं. लिहिलेलं मोजण्याची सोय काही त्या पत्राबरोबर आली नाही.

सध्याची मोजणी कशी चालते पाहा. औषध नियमांतलं शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम लिहिलंत की केमिस्टच्या वेगळ्या रजिस्टरात तुमचं नाव चढतं आणि तीन वर्षं तिथे राहतं. अझिथ्रोमायसिन त्या यादीत नाहीच. ते साध्या एचमध्ये. आणि २०१९ च्या खासगी विक्रीच्या आकड्यांवरून झालेल्या अभ्यासात देशात सर्वाधिक खपलेली अँटिबायोटिक गोळी कोणती निघाली? अझिथ्रो ५००. जे सर्वांत जास्त जातं, त्याचीच नोंद सर्वांत ढिली!

त्याहून मोठं भोक आपल्याच काउंटरवर आहे. मिरा-भाईंदरच्या गल्लीगल्लीत डॉक्टर स्वतः औषध देतात. कंपाउंडर स्ट्रिप कात्रीने कापतो, एक्सपायरी आणि बॅच नंबरची कड डब्यातच राहते, आणि चार सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून पेशंटच्या हातात जातात. 'सकाळ-संध्याकाळ, परवा दाखवायला या.' चिठ्ठी नाही, त्यामुळे केमिस्टची नोंदही नाही. शेड्यूल के आपल्या पेशंटला औषध देण्याची मुभा देतं, पण तिला नोंदीची अट आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? परिणाम असा की सरळ चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर नोंदीत सापडतो आणि पुडीवाला कुठेच दिसत नाही.

आपली खडान्‌खडा माहिती कोणाला असेल, तर ती औषध कंपन्यांना. त्यांचा एमआर दारात येतो तेव्हा या भागात कोणता ब्रँड किती उठला हे त्याला ठाऊक असतं. पण विक्रीच्या आकड्यात निदान नसतं, आणि निदानाशिवाय दर्जा मोजता येत नाही. शंभरातल्या किती जणांना अँटिबायोटिक दिलं, एवढाच आकडा घेतला तर पावसाळ्यात लेप्टोच्या संशयावरून डॉक्सी देणारा आणि प्रत्येक सर्दीला सेफिक्झिम देणारा एकाच रांगेत बसतात. युरोपातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी २०११ मध्ये ठरलेले निर्देशांक म्हणूनच आजारवार आहेत; अँटिबायोटिक दिलेल्यांचं मान्य प्रमाण असं: सर्दीसारख्या वरच्या श्वसनमार्गाच्या संसर्गात ० ते २० टक्के, तीव्र ब्राँकायटिसमध्ये ० ते ३०, न्यूमोनियात ९० ते १००. म्हणजे गरज असताना न देणं हीसुद्धा चूकच धरली आहे. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावा असं आम्ही म्हणत नाही. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

आता थोडं आपल्याच मंडळींबद्दल. 'पेशंट ऐकत नाही, उद्या कामावर जायचंय म्हणतो, स्ट्राँग द्या म्हणतो' हे उत्तर आता पुरे झालं. त्याचा रोज बुडतो हे खरं आहे. पण व्हायरल तापात अझिथ्रोने तो एक दिवसही लवकर कामावर जात नाही, हे त्याला आपणच सांगायचं. आणि जिथे खरोखर गरज आहे तिथे दोन दिवसांची पुडी देऊन 'बरं वाटलं नाही तर या' म्हणणं हा उपचार नव्हे. मजूर तिसऱ्या दिवशी येत नाही, कोर्स तिथेच तुटतो.

म्हणून सरकारची वाट न पाहता आपणच सुरुवात करू. या महिन्यात ओळीने आलेले शंभर पेशंट घ्या. निवडून घेऊ नका. वहीत पाच रकाने आखा: वय, निदान, अँटिबायोटिक दिलं का, कोणतं, किती दिवसांचं. पुडीतलंही धरा. निदानाच्या रकान्यात नुसतं 'ताप' लिहू नका. घसा, कान, छाती, लघवी, जुलाब असं वेगळं लिहा, आणि नक्की सांगता येत नसेल तर तसंच लिहा. मग दोन हिशेब करा: सर्दी-खोकल्यातल्या किती जणांना दिलं, आणि जे दिलं त्यात अमॉक्सिसिलिन, डॉक्सीसारखी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अ‍ॅक्सेस' गटातली किती, सेफिक्झिम-अझिथ्रोसारखी 'वॉच'मधली किती. २०३० पर्यंत जगभरातल्या वापरात 'अ‍ॅक्सेस'चा वाटा ७० टक्के व्हावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२४ मध्ये ठरलं आहे. आपला वाटा किती ते तरी कळू द्या.

पानाचा फोटो आमच्याकडे पाठवा. पेशंटची नावं झाका, स्वतःचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पत्रलेखक डॉक्टरांनाही हीच विनंती: पहिलं पान तुमचं येऊ द्या.